छापील पॅटर्न की वर्तमानपत्रावरचा ड्राफ्ट? इलॅस्टिकच्या साध्या स्कर्टसाठी कोणत्या कागदावरून बेतावे

इलॅस्टिकच्या कमरेचा साधा, ए-लाइन घेराचा स्कर्ट घरी शिवायचे ठरले की कापडाच्या दुकानात जाण्याआधीच एक प्रश्न सोडवावा लागतो: कापड बेतायचे ते कोणत्या कागदावरून? एक मार्ग म्हणजे संगणकावर उतरवून घेतलेली पॅटर्नची पीडीएफ छापायची, पाने एकमेकांना जोडायची आणि आपल्या मापाच्या रेषेवर कापायचे. दुसरा मार्ग आपल्याकडच्या शिवणवर्गांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जातो तो, म्हणजे अंगाचे माप घेऊन, त्याचे चार भाग करून, वर्तमानपत्रावर किंवा खाकी कागदावर स्वतः ड्राफ्ट काढायचा. गेल्या तीन वर्षांत मी या दोन्ही मार्गांनी मिळून नऊ स्कर्ट शिवले आहेत. त्यांतले चार छापील पॅटर्नवरून बेतले आणि पाच स्वतःच्या ड्राफ्टवरून. नऊंपैकी आठ वापरात आहेत, आणि नवव्याची हकीगत पुढे येणारच आहे.

मी शिंपी नाही, हे आधी सांगणे योग्य. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर चरईतल्या आमच्या घरात आईचे पायमशीन पुन्हा चालू केले. स्कर्ट घालणाऱ्या दोघीच, पत्नी आणि मुलगी, त्यामुळे माझा अनुभव दोन अंगांपुरता मर्यादित आहे. ज्याला सरळ टीप मारता येते, नेफा कशाला म्हणतात हे ठाऊक आहे आणि सुती कापड बेतण्याआधी पाण्यातून काढायचे असते हे सांगावे लागत नाही, अशा वाचकासाठी हे लिहितो आहे.

छापील पॅटर्नच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते आधी मोकळेपणाने मांडतो. चांगल्या पॅटर्नमध्ये विचार करण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेले असते. उभ्या धाग्याचा बाण काढलेला असतो, पुढचा आणि मागचा भाग वेगळा दाखवलेला असतो, जोडायच्या कडांवर खुणा असतात आणि कापड किती पन्ह्याचे (रुंदीचे) असेल तर किती लागेल याचा तक्ताही असतो. (अमेरिकी पॅटर्नचा तक्ता ४५ आणि ६० इंच पन्ह्यासाठी असतो आणि आपल्याकडे दुकानदार ४४ आणि ५८ पन्हा देतो, तेव्हा कापड घेताना थोडे जास्त धरून हिशेब करावा.) विशेषतः नेफ्याच्या बाबतीत छापील कागद नवशिक्याला मोठ्या चुकीतून वाचवतो. ए-लाइन स्कर्टच्या कडा खाली रुंदावत जातात. वरचे कापड घडी घालून खाली दुमडले की दुमडलेली पट्टी अरुंद आणि तिच्याखालचे कापड रुंद अशी स्थिती होते, आणि नेफ्याच्या टिपेत बारीक चुण्या पडतात. यावर उपाय म्हणजे घडीच्या रेषेच्या वर कड उलट दिशेला, आरशात दिसावी तशी बाहेर वळवायची. छापील पॅटर्नमध्ये हे केलेलेच असते. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ते मी केले नव्हते आणि पत्नीच्या करड्या स्कर्टच्या नेफ्यात त्या चुण्या आजही आहेत. वरून कुर्ता येतो म्हणून त्या दिसत नाहीत, एवढेच.

आता छापील पॅटर्नच्या लहानसहान अडचणी. त्या सगळ्यांनाच भेटतात, म्हणून भरभर सांगतो. एकाच कागदावर सात-आठ मापांच्या तुटक रेषा असतात आणि वळणावर शेजारच्या रेषेवर कात्री जाणे सहज शक्य असते. शिवणीसाठीची माया पॅटर्नमध्ये धरलेली आहे की नाही हे दर वेळी वाचून घ्यावे लागते, कारण अमेरिकी पॅटर्नमध्ये साधारणपणे ५/८ इंच माया धरलेली असते, तर बुर्डा या जर्मन शिवणमासिकातल्या पॅटर्नमध्ये ती अजिबात नसते आणि आपण सोडायची असते. बुर्डाची बायकांची नेहमीची मापे १६८ सेंटीमीटर उंचीच्या अंगासाठी आखलेली असतात. आमच्या घरी सर्वांत उंच बाईमाणूस ५ फूट २ इंचांचे, म्हणजे लांबी दर वेळी कमी करावी लागते, आणि ती तळातून कापली तर घेरही कमी होतो, म्हणून कागद मधोमध घडी घालून आखूड करावा लागतो. यांतले काहीही मला अडले नाही. कागदाला घडी घालणे, रेषा रंगीत पेन्सिलीने गिरवणे, माया वाचणे ही कामे माझ्या जन्माच्या सवयीची आहेत.

पाने जोडण्याचे काम मात्र कष्टाचे आहे, हे कबूल करतो. आमच्या बैठकीच्या खोलीत दिवाण बाजूला सरकवला की जेवढी फरशी मोकळी होते तेवढ्यात १४ पाने मांडून, प्रत्येकाची एक उभी आणि एक आडवी कड कापून, खुणेला खूण लावून चिकटपट्टी मारायची. हे पंखा चालू ठेवून होत नाही. मे महिन्यातल्या दुपारी पंखा बंद करून गुडघ्यांवर बसलेला माणूस पाहून घरातले जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखे नाही. तरीही एवढ्यावरून मी छापील पॅटर्न सोडला नसता.

सोडला तो मापाच्या विश्वासावरून.

एका अमेरिकी संकेतस्थळावरून घेतलेला तो पॅटर्न लेटर आकाराच्या कागदासाठी मांडलेला होता. लेटर म्हणजे साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच उंच कागद. आपल्याकडे छापतात तो ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे लेटरपेक्षा उंचीला जास्त पण रुंदीला जवळजवळ ६ मिलिमीटर कमी. छापताना 'फिट टू पेज' हा पर्याय चालू राहिला की यंत्र अख्खे पान ए-फोरच्या रुंदीत बसवते आणि चित्र जवळजवळ ३ टक्क्यांनी लहान होते. मी ते स्टेशनाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतले आणि 'जसे आहे तसे काढा' असे सांगितले. दुकानदाराच्या दृष्टीने ते जसे होते तसेच निघाले होते, कारण एकही कड कापली गेली नव्हती.

पॅटर्नवर तपासणीसाठी एक इंचाची चौकट होती. ती मी पट्टीने मोजली आणि ती एक इंच भरली. या वाक्याची मला आजही थोडी लाज वाटते, कारण ३ टक्के लहान झालेल्या इंचात फरक पडतो तो मिलिमीटरच्या पाऊण भागापेक्षाही कमी, आणि तो रेषेच्या जाडीतच हरवतो. त्याहून फसवी गोष्ट अशी की सगळे चित्र एकाच प्रमाणात लहान झालेले असल्यामुळे काहीही बिनसल्याची खूण कुठेच मिळत नाही. पानांच्या कडा अचूक जुळल्या, खुणेला खूण लागली, पुढच्या भागाची बाजू मागच्या भागाच्या बाजूला सुतासारखी बसली. निळ्या ठशांच्या सुती कापडावर मी तो कागद टाचण्यांनी बसवला, बेतले, बाजू शिवल्या, नेफा घातला, इलॅस्टिक ओवले आणि तळ दुमडून हातशिलाईही पूर्ण केली.

पत्नीने स्कर्ट पायांतून घातला आणि मांड्यांच्या वर येऊन तो थांबला. तिने जरा ओढला, तेव्हा बाजूच्या टिपेचे दोन-तीन टाके तुटल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला.

"इलॅस्टिक घट्ट झालंय का?" मी विचारले.

"इलॅस्टिक नाही हो, कापडच अडतंय," ती म्हणाली.

इथेच इलॅस्टिकच्या स्कर्टचे वेगळेपण आहे आणि निर्णय घेणाऱ्याने ते नीट समजून घ्यावे. चेनच्या स्कर्टला उघडी बाजू असते, त्यामुळे त्याची कंबर सीटवरून (नितंबांवरून) जावी लागत नाही. इलॅस्टिकच्या स्कर्टला मात्र नेफ्याचा अख्खा घेर सीटच्या सर्वांत रुंद भागावरून वर चढवावा लागतो. इलॅस्टिक ताणले जाते, पण ते ज्या न ताणणाऱ्या कापडात ओवलेले असते ते कापड ताणले जात नाही. पॅटर्नप्रमाणे तयार नेफ्याचा घेर ३९ इंच व्हायला हवा होता आणि पत्नीचे सीटचे माप ३८ आहे. ३ टक्के गेल्यावर घेर ३८ ला जेमतेम टेकला. होजिअरीसारख्या ताणणाऱ्या कापडात ही चूक पोटात गेली असती, सुती कापडात जात नाही.

माझी थोरली बहीण कळव्याला राहते आणि तिने बरीच वर्षे घरगुती शिवणकाम केलेले आहे. तिला फोन केला.

"ताई, चौकट मोजली होती मी. एक इंच बरोबर होती."

"अरे, इंच कसला मोजतोस? कापायच्या आधी अख्ख्या कागदाला टेप लावायची. सीटला किती येतंय ते बघायचं आणि मगच कात्री उचलायची."

स्कर्ट शेवटी वाचला. नेफा उसवला, इलॅस्टिक काढले, दोन्ही बाजू उसवल्या आणि ५/८ इंचाऐवजी पाव इंच माया धरून पुन्हा शिवल्या, त्यामुळे चार कडांचे मिळून दीड इंच परत मिळाले. दोन संध्याकाळी गेल्या. बाजूच्या मायेला मी ओव्हरलॉक (धागे सुटू नयेत म्हणून कडेची गुंफण) करून कडा छाटल्या असत्या तर हेही शक्य झाले नसते. तरी पाव इंचाच्या मायेवर फार दिवस भरवसा ठेवता येत नाही आणि तो स्कर्ट वर्षभरात बाजूला विरला. तोच तो नववा.

या प्रसंगाचा राग मला दुकानदाराचा आला नाही आणि पॅटर्न करणाऱ्याचाही नाही. मला खटकली ती दुसरीच गोष्ट. यंत्रभागांच्या आराखड्यांवर एक सूचना नेहमी लिहिलेली असते: आराखड्यावरून मोजू नये, लिहिलेले माप ग्राह्य धरावे. कागद दमटपणाने फुगतो, छापताना आखडतो, म्हणून रेषेच्या लांबीवर विश्वास ठेवायचा नाही, तिच्याशेजारच्या आकड्यावर ठेवायचा, हे मी नोकरीभर पाळले आणि नव्या मुलांकडून पाळून घेतले. शिवणाचा छापील पॅटर्न नेमका याच्या उलट असतो. त्यात बहुतेक रेषांशेजारी आकडा नसतोच, रेषेची लांबी हेच माप. कागद खरा असेपर्यंत ही सोय फार छान आहे. एबेनेझर बटरिक या अमेरिकी शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली, तेव्हापासून ग्राहकाच्या हाती पूर्ण आकाराचा कागदच पडत असे आणि मध्ये कोणी त्याला लहानमोठे करत नसे. आज तो कागद आपण दुकानातल्या यंत्रातून काढून घेतो आणि मधली जबाबदारी नकळत आपल्यावर येते.

वर्तमानपत्रावरच्या ड्राफ्टमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे आकडा आधी असतो आणि रेषा नंतर येते. ३८ सीट. त्यात अंगावरून चढण्यासाठी ३ इंच सैल, झाले ४१. त्याचा चौथा भाग सव्वादहा, त्यात पाऊण इंच माया, म्हणजे वरची रुंदी ११ इंच. तळाला त्यापेक्षा अडीच इंच जास्त. लांबी २८, वर एक इंची इलॅस्टिकच्या नेफ्यासाठी पावणेदोन, खाली दुमडीला दीड, एकूण सव्वाएकतीस. बाजूच्या शिवणीपाशी तळाची रेषा पाव इंच वर घ्यायची, म्हणजे स्कर्ट अंगावर असताना बाजूंना टोकासारखा लोंबत नाही. नेफ्याच्या घडीच्या वर कड बाहेर वळवायची, हे वर सांगितलेच. एवढे आकडे ड्राफ्टच्या कोपऱ्यात बॉलपेनने लिहून ठेवले की कागद फाटला, भिजला किंवा रद्दीत गेला तरी काही बिघडत नाही. माझा पहिला ड्राफ्ट खरोखरच रद्दीत गेला होता, आणि दुसरा काढायला २० मिनिटेही लागली नाहीत. छापील पॅटर्नची चिकटपट्टी आमच्याकडच्या एका पावसाळ्यात पिवळी पडून सुटू लागते आणि पाने पुन्हा जुळवताना मूळची अचूकता राहत नाही.

ड्राफ्टचे दोष लपवण्याचे कारण नाही. पहिला दोष असा की माप चुकले तर सगळेच चुकते. सीटचे माप म्हणजे जिथे टेप सर्वांत जास्त भरते तिथले माप, आणि ती जागा कमरेच्या खाली नेमकी किती इंचांवर येते हे प्रत्येक अंगाचे वेगळे असते. जाड सलवारीवरून घेतलेले माप इंचभर जास्त येते, आणि घरातली माणसे माप देताना श्वास आत घेतात तो वेगळाच. दुसरा दोष असा की आपण पुढचा आणि मागचा भाग एकाच ड्राफ्टवरून बेततो. मुलीचा स्कर्ट मागून किंचित वर उचललेला दिसत असे. तिच्या मागच्या भागाला वरच्या कडेला मधोमध पाऊण इंच वाढवून बाजूंकडे शून्यावर आणल्यावर तळ सरळ झाला. चांगल्या छापील पॅटर्नमध्ये असा फरक पुष्कळदा आधीच केलेला असतो, मला मात्र तो कळायला दोन स्कर्ट लागले. तिसरा दोष अगदी व्यावहारिक आहे: वर्तमानपत्राची शाई फिक्या कापडाला लागते. पांढऱ्या किंवा लिंबू रंगाच्या कापडासाठी वह्यापुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद आणावा.

शिवाय खिसे, योक (कमरेखालची वेगळी जोडपट्टी), पुढे प्लीट असे काही हवे असेल तर ड्राफ्टची सरळ गणिते पुरत नाहीत आणि तिथे छापील पॅटर्नचा आधार घेणे शहाणपणाचे ठरेल, असे मला वाटते. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे, किंवा ज्यांचे अंग पॅटर्नच्या तक्त्यातल्या एका रांगेत बऱ्यापैकी बसते, त्यांनाही तो मार्ग मानवेल. ठाण्यात वास्तुविशारदांचे नकाशे मोठ्या कागदावर छापून देणारी दुकाने आहेत. पॅटर्नसोबत ए-झिरो आकाराची फाइल मिळत असेल तर तिथे एकाच कागदावर छापून घेता येते आणि पाने जोडण्याचा व्याप वाचतो, कारण एका ए-झिरोत ए-फोरची १६ पाने मावतात. तिथेही 'ॲक्चुअल साइज' किंवा '१०० टक्के' असे शब्द उच्चारून सांगावे आणि कागद घरी आणल्यावर तपासणीची चौकट मोजून थांबू नये. स्कर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप लावावी, नेफ्याच्या रेषेवर पुढचा आणि मागचा भाग मिळून माया वजा जाता किती इंच भरतात ते पाहावे (कागद घडीवर ठेवायच्या अर्ध्या भागाचा असेल तर दुप्पट धरावे), आणि तो आकडा ज्या अंगासाठी शिवायचे त्याच्या सीटच्या मापापेक्षा निदान २ इंच जास्त असल्याशिवाय कापडावर खडू उचलू नये.

मात्र एवढे सगळे केल्यावर आपण काय केले, याचा विचार करावा. अंगाचे माप घेतले, सैल किती ठेवायचे ते ठरवले, माया वजा केली आणि चौथ्या भागाचा हिशेब केला. ड्राफ्टसाठी जे करावे लागते ते जवळजवळ सगळेच झाले, फक्त ते १४ पाने जोडून झाल्यावर झाले. साध्या स्कर्टच्या बाबतीत माझा कल वर्तमानपत्राकडे झुकला तो यामुळे. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल, आणि ज्यांच्या घरी छपाईयंत्र आहे व ज्यांनी त्याची मोजमापे एकदा पडताळून ठेवली आहेत त्यांच्या बाबतीत मी आग्रह धरणार नाही.

इलॅस्टिकबद्दल एक गोष्ट राहिली, कारण ती दोन्ही मार्गांना लागू आहे आणि छापील सूचनांत ती क्वचितच माझ्या उपयोगाची निघाली. इलॅस्टिकची लांबी तक्त्यावरून कापू नये. पत्नीची कंबर ३२ आहे, त्यापेक्षा दोन इंच कमी म्हणजे ३० इंचांचा तुकडा मी घेतो, त्यातले एक इंच एकावर एक ठेवून शिवण्यात जाते. पण जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेल्या दोन वेगवेगळ्या इलॅस्टिकांची ओढ सारखी नव्हती. म्हणून तुकडा आधी सेफ्टी पिनने जोडून कमरेवर घालून, जमिनीवर बसून उठून पाहावा, आणि मगच पक्की टीप मारावी.

सध्या मुलीने खिशांचा स्कर्ट मागितला आहे. खिशाच्या वळणासाठी छापील पॅटर्न घेतला, त्यातली फक्त खिशाची दोन पाने छापून घेतली आणि बाकीचा स्कर्ट तिच्या जुन्याच ड्राफ्टवरून बेतणार आहे. या पॅटर्नवरची तपासणीची चौकट १० सेंटीमीटरची आहे. ती ९ सेंटीमीटर ७ मिलिमीटर भरली, तेव्हा उद्या पुन्हा दुकानात जायचे आहे.